बारकीची काडतुसं

प्रकरण अकरावं

रविवारची जेवणं आटोपली आणि केक यायच्या आधीच टेबलावर काडतुसांचे चार खोके आले. ते नेल्डाने आणले होते, पेंडीच्या दुकानाच्या कागदी पिशवीतून. बटाट्याच्या आंबट सॅलडचं भांडं बाजूला सारून तिने ते ओळीने मांडले. लोरीनने भांडं उचलून पुन्हा मधोमध ठेवलं. नेल्डाने पुन्हा सारलं. एवढ्यावरूनच नणंद-भावजयीचं आजचं धोरण बाकीच्यांना कळून चुकलं.

"हे काय?" लोरीनने विचारलं.

"काडतुसं. बारकी रायफलीची."

"बारकीची कुणासाठी?"

"माझ्यासाठी," टेबलाच्या टोकाला बसलेली ओमा, म्हणजे घरातली आजी, म्हणाली आणि तिने बर्फाच्या चहात साखर ढवळायला सुरुवात केली. चहात साखर विरघळलेली होती. सत्त्याहत्तर वर्षांच्या हुल्डा ब्राउनेकला काही जाहीर करायचं असलं की ती विरघळलेली साखर ढवळते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्च महिन्यात ओमाच्या उजव्या खांद्यात धातूचा गोळा बसवला. सर्जन तरुण होता, पण शिकारीच्या मुलखात वाढलेला. त्याने शस्त्रक्रियेनंतर पहिलं वाक्य सांगितलं ते असं, की हात वर जाईल, केस विंचरता येतील, पण ओपाची, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याची, थर्टी-ऑट-सिक्स रायफल आता भिंतीवरच राहू दे. तिचा दणका हा खांदा सोसणार नाही. ओमाने मान डोलावली होती. हे मान डोलावणं म्हणजे होकार, असं घराने समजून घेतलं आणि जो तो आपल्या सोयीच्या कामाला लागला. सप्टेंबरात तिने नेल्डाची मधल्या मापाची रायफल गुपचूप चालवून पाहिली. दोन दिवस कंगवा डाव्या हातात होता. त्यानंतर तर प्रश्नच उरला नाही, असं लोरीनचं मत झालं. गेल्या मंगळवारी ती ओढ्याच्या वळणावरच्या मचाणावर जाऊन गालिच्यासाठी मापंसुद्धा घेऊन आली होती.

त्यात लोरीनचं फार चुकलं असंही नाही. ब्राउनेकांच्या जमिनीवर पाच मचाणं. त्यांतलं ओढ्याचं सगळ्यांत चांगलं, आणि ते ओमाचं. ओमाने सोडलं की ते लोरीनचं, हे लोरीन लग्न होऊन आली त्याच वर्षी ओपाने स्वतःच्या तोंडाने ठरवून दिलं होतं. तेव्हापासून चोवीस वर्षं दर नोव्हेंबरात ती पवनचक्कीजवळच्या मचाणावर बसत आली. तिथे हरणं येत नाहीत असं नाही. पण त्यांच्या आधी शेळ्या येतात, आणि शेळ्या जात नाहीत.

"बारकीने हरीण?" आर्नोने काटा खाली ठेवला. आर्नो म्हणजे ओपाचा धाकटा भाऊ. हुल्डा लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांचा होता, आता एकाहत्तरचा. "वहिनी, ती कोल्हे-कोयोट मारायची वस्तू आहे. दादा ती ट्रकच्या सीटमागे टाकून ठेवायचा. टू-टू-थ्री! हरणाला टू-टू-थ्री म्हणजे म्हशीला टाचणी."

"मग टाचणी कुठली घ्यायची तेवढं सांग," ओमा म्हणाली.

"मी घ्यायचीच नाही म्हणतोय."

"ते ऐकलं. पुढचं सांग."

हिल्मर, ओमाचा थोरला, बायको आणि आई यांच्या बरोबर मधे बसला होता. त्याने वाडग्यातला बटाटा घेतला. नंतर आणखी घेतला.

नेल्डा उभीच होती. दुकानात काउंटरमागे उभं राहून तिला अठरा वर्षं झाली होती, आणि गिऱ्हाइकाला बसून समजवायची सवयच राहिली नव्हती. "हे बघा. गोळी बारकी असली की चुकीला जागा नसते. मोठ्या रायफलीत कुठलीही गोळी घाला, भागतं. बारकीत गोळी निवडणं म्हणजेच अर्धी शिकार. ही पहिली. पूर्ण तांब्यात मढवलेली, स्वस्त. ही कागदावर मारायला. हरणातून सुईसारखी आरपार जाते. हरीण शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे जाऊन मरतं आणि आपण इकडे सीडरच्या झुडपांत वाकून फिरतो."

"ही किती गोड आहे," लोरीनने दुसऱ्या खोक्यातलं एक उचललं. "लाल टोक."

"प्लास्टिकचं. वजन पन्नास ग्रेन. ही कोयोटची. आत शिरली न शिरली तोच भुगा होतो. कोयोटला तेवढं पुरतं. हरणाच्या खांद्यावर लागली तर वरच्या वरच भुगा, नुसती मोठी जखम, आणि जनावर तीन दिवस मरत बसतं."

लोरीनने लाल टोक जपून परत ठेवलं.

"ही तिसरी. साठ ग्रेन. टोकाला नरम शिसं, मधे तांब्याची आडभिंत. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा तसाच घुसत जातो. मी ही म्हणेन. आणि ही चौथी नवीन आलीय. पंच्याहत्तर ग्रेन."

चौथ्या खोक्यावर बारा टोकांच्या शिंगांचा नर छापला होता. आर्नोने तो खोका ओढून घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एक काडतूस दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवलं. गोळी चांगली लांबलचक होती. खोके बघताना आर्नोचा चेहरा कसा बदलत गेला हे पाहायला ओमाने चहा ढवळायचं थांबवलं.

आर्नोचं असं होतं, की तो पन्नास वर्षं स्वतःची काडतुसं स्वतः भरत आला होता आणि कुठल्याही विरोधापेक्षा सल्ला देणं त्याला अधिक प्रिय होतं.

"जायचंच असेल," तो म्हणाला, "तर वजन घेऊन जा. बारीक गोळीचा सगळा दोष हलकेपणात आहे. मी माझ्या बारकीतून हेच वजन फेकतो. गेल्या साली तीन माद्या, एकही पन्नास पावलांपुढे गेली नाही."

"पण काका, नळीच्या आतल्या खाचांचा पीळ?" नेल्डा म्हणाली. "लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. सैल पिळाच्या नळीतून ती नीट फिरत नाही. बाबांच्या बारकीचा पीळ किती आहे कुणाला माहितीय?"

"अगं, दादाने आणि मी दोन्ही बारक्या एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतल्या. जुळ्या बहिणी आहेत. माझी फेकते म्हणजे हीही फेकणार."

आर्नो खोटं बोलत नव्हता. फक्त बारा वर्षांपूर्वी त्याने आपल्या बारकीची झिजलेली नळी काढून नवी बसवून घेतली होती, आणि एवढ्या वर्षांत ती नवी नळी त्याच्या मनात जुनी होऊन गेली होती.

"हिल्मर, तूच वापरलीयेस ना ती सगळ्यांत जास्त?" नेल्डाने विचारलं.

हिल्मरचं तोंड भरलेलं होतं. "कोयोटवर," तो म्हणाला.

हे खरंच होतं, आणि हिल्मरला खरं बोलल्याचं समाधानही वाटलं. पण त्या भरलेल्या तोंडामागे जे होतं ते असं: आठ वर्षांपूर्वी त्याने अशाच लांब गोळ्यांचा एक महागडा खोका आणला होता. चुनखडीच्या खाणीमागे जाऊन पुठ्ठ्यावर पाच मारल्या. तीन कुठे गेल्या देवाला ठाऊक. दोन पुठ्ठ्यातून गेल्या त्या आडव्या, ताटात मासा वाढावा तशा. खोक्याची किंमत लोरीनला कळू नये म्हणून त्याने उरलेली काडतुसं जुन्या बुटात लपवली आणि विषय संपवला. म्हणजे या टेबलावर बारकीचं खरं गुपित एकट्या त्यालाच माहीत होतं.

त्याने आईकडे पाहिलं. मग लोरीनकडे. लोरीन हातरुमालाच्या घड्या घालत होती. दर नोव्हेंबरात शिकारीहून परतल्यावर ती अशाच घड्या घालत असे आणि कुठली शेळी किती वाजता आली ते सांगत असे. चोवीस वर्षांची शेळ्यांची हजेरी हिल्मरला तोंडपाठ होती. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तो मनाशी म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. मग आणखी एक बटाटा घेतला.

"ठरलं," ओमा म्हणाली. "दोन माणसं जड म्हणतायत, एक साठ म्हणतेय."

"दुसरं कोण जड म्हणालं?" नेल्डाने विचारलं.

"खोक्यावरचा नर. लोरीन, ताटल्या आण."

ताटल्यांचं असं होतं. हंगाम शनिवारी उघडतो. त्याच्या आधीच्या रविवारी ब्राउनेक घराण्यातल्या प्रत्येकाने शेळ्यांच्या गोठ्यामागे शंभर पावलांवरून केकच्या पत्र्याच्या ताटलीत तीन गोळ्या घालायच्या. तिन्ही आत, तर मचाण. एकही बाहेर, तर त्या साली स्वयंपाकघर, आणि मचाण पुढच्या माणसाला कायमचं. आर्नोच्या वडिलांनी हा नियम घातला, कारण एका साली त्यांच्याच हातून एक नर जखमी होऊन पळाला आणि आठवड्याने गिधाडांनी दाखवला. ताटलीवर आधी नाव, रायफल आणि काडतूस लिहायचं. पहिली गोळी सुटेपर्यंत खोडता येतं, नंतर नाही. माणशी ताटली एकच. आणि तिन्ही गोळ्या होईपर्यंत कुणी दुर्बीण लावून बघायचं नाही. सगळ्यांनी मिळून चालत जायचं. हरीण काही पहिल्या गोळीनंतर येऊन कुठे लागली ते सांगत नाही, असं म्हातारा म्हणायचा.

लोरीनने पाच ताटल्या आणल्या. ओमाने मेणाच्या पेन्सिलीने लिहिलं: हुल्डा, बारकी, ७५.

*

वारा पडला होता. गोठ्यामागच्या लाकडी बाकावर जुन्या जीनच्या पायांत वाळू भरून केलेल्या उशा मांडल्या होत्या. घरातली सगळ्यांत मोठी, म्हणून ओमा पहिली बसली.

ती बारकीच्या मागे टेकली आणि तिला मनातून हसू आलं. छप्पन्न वर्षं ती त्या दांडगीला खांद्यावर घेत आली. ही तर कडेवरच्या पोरासारखी वाटत होती. खांद्यातल्या गोळ्याची तिने मनोमन विचारपूस केली. गोळा म्हणाला, चालू दे. तिने श्वास सोडला, चाप दाबला.

काहीच झालं नाही. म्हणजे आवाज झाला, पण खांद्याला कुणी हात लावल्याइतकंच जाणवलं. मार्च महिन्यापासून रात्री कूस बदलताना जी भीती तिच्याबरोबर बदलत होती, ती त्या क्षणी उठून गेली. शनिवारी पहाटे ती ओढ्यावर असणार होती.

मग तिने रायफलीवरच्या दुर्बिणीतून पुन्हा ताटली पाहिली. नियम इतरांना होता. मारणाऱ्याचा डोळा तिथेच असतो, त्याला कोण काय करणार? ताटली चकचकीत. डाव्या अंगाला भोक. आणि भोक गोल नव्हतं. लांबट होतं, कुलपाच्या भोकासारखं.

ओमाने डोळा मिटला, उघडला. भोक तसंच. गोळी आडवी लागली होती.

तिला पीळबीळ कळत नव्हता. पण गेल्या छप्पन्न वर्षांत तिने कित्येक ताटल्या पाहिल्या होत्या, आणि आडवं भोक तिने एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणजे खोट गोळीत, नाहीतर ही गोळी या नळीला मानवत नाही. आणि या नळीला काय मानवतं हे तिचा नवरा गेल्यानंतर एकाच माणसाला माहीत असणार.

तिने मान वळवून मागे पाहिलं. आर्नो आकाशाकडे बघत होता, जणू तोफ त्याने डागली. नेल्डा अंगठ्याचं नख खात होती. लोरीन अदबीने हात बांधून उभी. आणि हिल्मर आपल्या बुटांकडे बघत होता. सहाव्या वर्षी त्याने आजोबांचं घड्याळ उघडून बंद पाडलं तेव्हा तो असाच बुटांकडे बघत होता. बूट बदलले होते, माप वाढलं होतं, बाकी काही फरक नव्हता.

"कुणाला काही म्हणायचंय?" ओमाने विचारलं.

"आवाज सुरेख आला, वहिनी!" आर्नो म्हणाला.

"आणखी कुणाला?"

गोठ्यातली एक शेळी ओरडली. लोरीनने तिच्याकडे ओळखीच्या नजरेने पाहिलं.

ओमाने दुसरं काडतूस घातलं. ही गोळी ताटलीवर उमटलीच नाही. नेम चुकला नव्हता. आपला नेम कधी चुकतो हे तिला कळत असे.

"हिल्मर, पाणी दे."

हिल्मर पाण्याची बाटली घेऊन आला आणि बाकाशी वाकला. मायलेकांची डोकी इतकी जवळ होती, की कुजबूजसुद्धा दुसऱ्या कुणाला गेली नसती. ओमा हळूहळू पाणी प्यायली. पाणी प्यायला एखाद्याला जितका वेळ लागू शकतो तितका तिने घेतला.

"खांदा कसा आहे?" हिल्मरने विचारलं.

"खांदा ठीक आहे. बाकीचं बघतेय."

हिल्मरने ओठ हलवले. मग बाटलीचं झाकण लावलं, फार नीट, आटे जुळवून, आणि आपल्या जागी परत गेला.

ओमाने तिसरी मारली.

*

पाचही जणं चालत ताटलीपाशी पोचली तेव्हा आर्नो सगळ्यांत पुढे होता, आणि पोचल्यावर सगळ्यांत मागे जावं असं त्याला वाटलं.

ताटलीवर दोन भोकं. एक डावीकडे, एक काठाला फाडून. दोन्ही आडवी. तिसरं नाहीच.

"नळी!" आर्नोने टोपी काढली. "नळीचा पीळ सैल आहे! पण माझी... अरे देवा. माझी मी बदलली. त्या दुष्काळाच्या साली. वहिनी, मी गाढव आहे."

"एवढं मोठ्याने नको," ओमा म्हणाली. "शेळ्या ऐकतायत."

"मी म्हणाले होते पीळ बघा!" नेल्डाचा आवाज चढला. "म्हणाले होते की नाही?"

"म्हणाली होतीस, बाई."

नियम सगळ्यांना माहीत होता. माणशी ताटली एक.

साधारण मिनिटभर ओढ्याच्या वळणावरचं मचाण लोरीनचं होतं. लोरीन हिशेबी बाई. घरातला कुठला टॉवेल कधी घेतला हे तिला सांगता यायचं. ते मिनिट तिने उपभोगलं, नाही असं नाही. पाण्यावर येणारं पहाटेचं धुकं तिला दिसलं, त्यातून वाकत येणारी शिंगं दिसली, आणि आसपास एकही शेळी नव्हती. तेवढ्यात शेजारून हिल्मर म्हणाला, "अरेरे."

तो ते फार चटकन म्हणाला.

लोरीनने मान वळवली. या माणसाबरोबर तिने चोवीस वर्षं संसार केला होता. बंदुकीचा विषय निघाला की हा ताटातलं थंड होईपर्यंत बोलतो. मधुचंद्राला समुद्रकिनाऱ्यावर बसून याने तिला चाळीस मिनिटं चापाचा ताण समजावला होता. आणि आज टेबलावर चार खोके, काका, बहीण, तासभर वाद.

"हिल्मर," ती म्हणाली, "जेवताना तू किती शब्द बोललास?"

"मी? जेवत होतो."

"एक. मी सांगते, एकच शब्द बोललास. 'कोयोटवर.' आणि बटाटा तीन वेळा घेतलास. बटाटा तुला आवडत नाही."

नेल्डाने नख तोंडातून काढलं.

"तुला ठाऊक होतं," लोरीन म्हणाली.

हिल्मरने बुटांकडे पाहिलं. "मी खोटं काही..."

"ठाऊक होतं!"

"तुझ्यासाठीच गप्प राहिलो, लोरीन. दर वर्षी तू..."

"माझ्यासाठी?" लोरीनचा आवाज असा चढला की गोठ्यातलं रवंथ थांबलं. "दर वर्षी मी शेळ्यांबद्दल बोलते, हिल्मर. तुझ्या आईबद्दल एक अक्षर बोललेय? मला ते मचाण हवंय. का नको असावं? पण वेळ आल्यावर, माझ्या पायांनी चढून! पुढच्या रविवारी चर्चच्या दारात उभी राहिले की बायका काय म्हणतील? सासूला आडव्या गोळ्या दिल्या आणि लोरीनने मचाण घेतलं. आयुष्यात कधीही एखादा नर मारला तरी म्हणतील, तो आडव्या गोळीचा!"

"कोण सांगणार आहे त्यांना?" हिल्मर पुटपुटला.

"मी," नेल्डा म्हणाली. "दुकानात. येणाऱ्या प्रत्येकाला."

लोरीन तडक बाकाकडे निघाली. बाकीचे मागून. बाकावर अजून भोकं न पडलेल्या चार ताटल्या होत्या. तिने वरची उचलली. त्यावर हिल्मरच्या नीटस अक्षरात होतं: हिल्मर, थर्टी-ऑट-सिक्स, १६५.

"आर्नोकाका, नियम काय आहे? पहिली गोळी सुटेपर्यंत ताटलीवरचं खोडता येतं?"

"येतं."

"कुणी खोडायचं ते तुमच्या वडिलांनी सांगितलंय?"

आर्नोने विचार केला. आपल्या गाढवपणातून बाहेर पडायला दार उघडतंय हे त्याला दिसत होतं, पण नियमाचा मान राखून, सावकाश पाऊल टाकत तो त्या दारातून गेला. "नाही. तसं काही बाबा बोलले नव्हते."

लोरीनने पेन्सिलीने हिल्मरचं नाव खोडलं, रायफल खोडली, वजन खोडलं. वर लिहिलं: हुल्डा, बारकी, ६०.

"अगं पण मग मी?" हिल्मर म्हणाला.

"तुझी ताटली तुझ्या आईला गेली. पाच माणसं, पाच ताटल्या. माणशी एक."

"म्हणजे मी स्वयंपाकघरात?"

"शनिवारपासून. आणि तुझं मचाण रिकामं होतंय. नियमाने ते पुढच्या माणसाचं, म्हणजे माझं." लोरीनने पेन्सिल खिशात टाकली. "माझी ताटली झाली की."

नेल्डा पोट धरून खाली बसली. "आणि पवनचक्की?"

"तिथे शेळ्या बसतील. त्यांचंच आहे ते."

ओमा इतका वेळ बाकाच्या कडेला टेकून होती. सुनेने मांडलेला जमाखर्च तिने मनात तपासून पाहिला आणि त्यात तिला एकही चूक सापडली नाही. तिला ताटली, लोरीनला हिल्मरचं मचाण, हिल्मरला बटाटे. आपण स्वतः मांडला असता तर याहून बरा जमला नसता, हे तिला कबूल करावं लागलं, आणि ते तिला थोडं खुपलंही.

"एक अट आहे, वहिनी," आर्नो म्हणाला. आता तो टाचणीवर हसत नव्हता. "ताटलीत बसल्या तरी साठ ग्रेन म्हणजे साठच ग्रेन. ऐंशी पावलांच्या आत. जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच, आणि खांद्याच्या मागच्या मऊ जागेत. तोंड करून उभं असेल, तिरकं असेल, तर जाऊ द्यायचं. खोक्यावरचा बारा टोकांचा आला तरी."

"जाऊ देईन."

"शब्द?"

"आर्नो, तू तेरा वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुझ्यासाठी चांगले नर सोडत आलेय. मला सवय आहे."

ती पुन्हा बाकावर बसली. आता ऊन तिरपं झालं होतं आणि खांद्यातला गोळा जागा झाला होता. दणक्याने नव्हे, इतका वेळ हात उचलून धरल्याने. हे तिने कुणाला सांगितलं नाही. नेल्डाने साठ ग्रेनचं पहिलं काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं. आखूड, बसकं, टोकाला शिशाचा करडा ठिपका. खोक्यावर चित्रही नव्हतं.

पहिली गोळी. दुर्बिणीत पाहिलं. भोक गोल.

दुसरी. त्याच्याशेजारी.

तिसरीच्या वेळी कोपर घसरलं. ताटली दुर्बिणीतून निसटून कुंपणावर गेली, परत आली. तिने रायफल खाली ठेवली. लोरीन पुढे आली, वाळूची एक उशी उचलून ओमाच्या कोपराखाली सरकवली, आणि मागे गेली.

ओमाने श्वास सोडला. चाप दाबला.

ताटलीपाशी आर्नोने तिन्ही भोकांवर आपली मूठ ठेवली. मुठीखाली तिन्ही झाकली गेली. त्याने मूठ काढली, पुन्हा ठेवली, जणू एखादं उडून जाईल. मग टोपी घातली. "आत," तो म्हणाला. "तिन्ही."

नेल्डा आईच्या गळ्यात पडायला निघाली आणि खांदा आठवून थबकली, मग डाव्या बाजूने पडली. लोरीन आपली ताटली खांबाला लावून बाकाकडे निघालीसुद्धा होती. तिला उजेड असेपर्यंत उरकायचं होतं.

हिल्मर मात्र ताटलीच्या खांबापाशीच रेंगाळला. जुनी, आडव्या भोकांची ताटली गवतात पडली होती. ती त्याने उचलली, काठाचा फाटलेला पत्रा अंगठ्याने दाबून सपाट करायचा प्रयत्न केला.

"पहिलीलाच दिसलं होतं ना तुला?" त्याने आईला विचारलं.

"दिसलं होतं."

"मग थांबायचं होतंस, आई. दुसरी का मारलीस?"

"थांबले ना. आधी विचारलं, मग पाणीही मागितलं."

हिल्मरने पत्रा दाबायचं सोडलं. गोठ्याकडून लोरीनची, खांबापासून बाजूला व्हा, अशी हाक आली, आणि शेळ्या एकदम पांगल्या.

"चौथीला मी बोललो असतो," तो म्हणाला. "खरंच. चौथीला बोललोच असतो."

ओमाने त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, आणि त्याच्या हातातली ताटली काढून घेतली.

"तीनच असतात, हिल्मर," ती म्हणाली, आणि आपल्या बऱ्या हाताने त्याचा दंड धरून उताराची वाट उतरू लागली.